हिरव्या पातळाआडचा नवरंग

"हूऽऽईट... टिऊ!"

अडतीस वर्षांपूर्वी दिवस मावळताना वाघझिरीच्या नाल्यातून ही शिट्टी आली, शालिग्रामच्या कानात शिरली आणि आजतागायत बाहेर निघाली नाही!

तेव्हा तो पंचविशीतला गडी. वाघझिरीतल्या एका लग्नाचे फोटो काढून परत निघालेला. गळ्यात कॅमेरा, खिशात नवरदेवाच्या मामानं कोंबलेले बुंदीचे चार लाडू आणि यष्टीचा पत्ता नाही. थांबा नाल्याच्या पुलावर. खाली जांभूळ, उंबर, करंज यांची अशी दाटी, की भर दुपारीही कंदील घेऊन उतरावं. त्या काळोखातून ही शिट्टी आली. दोन सुरांची. पहिला सूर लांब, दुसरा तोकडा आणि अगदी शेवटाला किंचित वर उचललेला. भरली घागर डोईवर चढवताना बाई जसा शेवटचा हलकासा हिसका देते, तसा!

शालिग्रामनं ओठांचा चंबू केला आणि उत्तर दिलं. नाल्यानं परत उत्तर दिलं. पुन्हा यानं, पुन्हा नाल्यानं. मोजून सात वेळा! आठव्यांदा पाखरू गप झालं, तेवढ्यात यष्टीही आली, आणि शालिग्राम डोणगावला पोचला तो निम्माच. उरलेला निम्मा नाल्यातच राहिला.

ही गोष्ट त्यानं कोणाकोणाला सांगितली असेल? तर डोणगावच्या बसस्टँडसमोरच्या 'शालिग्राम फोटो स्टुडिओ'त जो कोणी पासपोर्ट फोटो काढायला आला, त्या प्रत्येकाला! फोटो निघायला दोन मिनिटं, गोष्टीला वीस. गिऱ्हाईक शिट्टी ऐकून घ्यायचं, मान डोलवायचं आणि त्या मान डोलवण्यात फोटो हलायचा. मग शालिग्राम ओरडायचा, "हलू नका! हसा!"

त्याहून मोठा पराक्रम त्यानं मुलगी पाहायला गेल्यावर केला होता. वर्षभरानं वाघझिरीचंच स्थळ आलं. मुलगी काळी की गोरी, शिकलेली की कशी, काही न विचारता हा गडी तयार! का? तर गावाला नाला आहे! पोहे झाले, चहा झाला, मुलीचा बाप म्हणाला, "इचारा काही पोरीले." शालिग्रामनं घसा खाकरला आणि विचारलं, "तुमच्या नाल्यात शिट्टी वाजवते ते पाखरू कोणतं वं?"

मुलीनं मान वर केली. दाराआडून तिच्या आईनं डोळे वटारले. मुलीनं मान खाली घातली.

"मले नाई माहीत," ती म्हणाली.

लग्न मात्र झालं. मुलीचं नाव अन्नपूर्णा. आता सत्तावन्न वर्षांच्या अन्नपूर्णाबाई. शालिग्रामच्या तोंडी त्या पाखराचं नाव आलं, की त्या हातातलं काम जरा जोरात आपटतात. पोळीचं पीठ असेल तर पोळी मऊ होते, भांडं असेल तर पोचा पडतो. "आली माही सवत!" एवढंच म्हणतात.

स्टुडिओच्या भिंतीवर शे-दीडशे नवरा-नवरी, आणि बरोबर मधोमध दोन फूट बाय दीड फुटाची एक सागवानी चौकट. रिकामी! "हे पाखराची जागा आहे," असं शालिग्राम सांगायचा आणि रोज सकाळी तिची काच पुसायचा. दुपारी डबा घेऊन आल्या, की अन्नपूर्णाबाई त्या रिकाम्या काचेत पाहून पदर नीट करायच्या. तेवढाच काय तो त्या काचेचा उपयोग.

पाखराचं नाव कळलं ते मागच्या दिवाळीत. पुण्याहून आलेल्या मुलीनं, प्रतीक्षानं, मोबाईलवर एक शिट्टी ऐकवली.

"हे का बाबा? नवरंग! पावसाळ्यात येतो, अंधाऱ्या झाडीत राहतो."

शालिग्राम खुर्चीतून उठला. "हेच! हेच ते!" मग कान मोबाईलला चिकटवला. "पण शेवटाले वर उचलत नाही हे. माह्यावालं उचलत होतं."

"सगळे नवरंग असेच वाजवतात बाबा."

"माह्यावालं उचलत होतं!"

अन्नपूर्णाबाईंनी त्या वेळी करंज्यांचं ताट असं ठेवलं, की तीन करंज्या फुटल्या.

आता यंदाची गोष्ट. फोटो सगळ्यांच्याच खिशात आले, स्टुडिओत कोण येणार? दसऱ्याला शटर कायमचं खाली ओढायचं, हे नक्की झालं होतं. दीडशे नवरा-नवरी भिंतीवरून उतरून पोत्यात गेले. मधली चौकट तेवढी राहिली. तिच्याकडे पाहून शालिग्रामनं मेहकरच्या देवानंदसमोर मांडीवर थाप मारली.

"या मृगात नवरंगाचा फोटो नाही काढला, तं नावाचा शालिग्राम नाही!"

"मग काय नाव ठेवाचं तुह्यं, तेही आताच सांगून ठेव," देवानंद म्हणाला.

देवानंद म्हणजे त्याचा जुना दोस्त. यालाही फोटोचंच वेड, पण हा काळाबरोबर पळाला. लग्नाआधीचे फोटो, ड्रोन, सगळं. त्याच्याकडे सहाशे एमएमची लेन्स होती. लेन्स कसली, विहिरीवरच्या मोटारीचा पाइपच! शालिग्रामनं ती उचलली, तर दोन्ही हातांना वाटलं की बारशाचं बाळ उचललंय.

"कुठं चालला बे हे घेऊन? वर्षावनात?" देवानंद म्हणाला.

"आमचंही वर्षावनच आहे. फक्त दोन एकराचं!"

देवानंदनं कॅमेराही दिला. लेन्स देताना मात्र सासरी पोरगी पाठवताना बाप बोलतो तसा तो बोलला, "जशी नेली तशी आणजो बे. परवा सकाळी मले लग्नाले लागते. आणि आयक. अडीच मीटरच्या आतलं याले काहीच दिसत नाही. लांबचं मात्र मुंगीच्या मिशीपर्यंत! कॅमेऱ्यात नवी सोय आहे, डोळा दिसला की आपोआप पकडते. तू फक्त बटन दाब."

"पाखराचाही डोळा?"

"सगळ्याइचा!" देवानंद घाईत म्हणाला. ही घाई लक्षात ठेवा.

आता लपायला काहीतरी हिरवं हवं होतं. लेन्स गुंडाळायलाही मऊ काहीतरी हवं होतं. शालिग्रामनं बायकोची पेटी उघडली. वरची लुगडी घेतली तर कळेल, म्हणून तळाशी हात घातला. कडुलिंबाच्या पानांखाली एक हिरवं पातळ होतं, काठाला कैऱ्या. तळाशी आहे म्हणजे नको असलेलंच असणार, असा नवरेलोकांचा हिशेब त्यानं केला आणि ते पिशवीत कोंबलं.

नवरा-बायको वाघझिरीला पोचले. अन्नपूर्णाबाईंचे भाऊ जानराव पेरणीच्या घाईत. त्यांच्या बायकोनं, तानुबाईनं, पाहुण्यांना चहा दिला आणि भल्यामोठ्या पिशवीकडे पाहून विचारलं, "भाऊजी, हे काय आणलं? हार्मोनियम?"

"कामाचं आहे," शालिग्राम म्हणाला. गुपित राखायचं होतं. गावाला कळलं असतं तर पाखरू पाहायला अर्धं गाव नाल्यात उतरलं असतं आणि पाखरू अर्धं गाव पाहून चिखलीला पळालं असतं.

दुसऱ्या दिवशी पहाटेच त्यानं नाल्यात चार काड्या रोवल्या, त्यांवर हिरवं पातळ ताणलं आणि निऱ्यांच्या मधून लेन्सचं तोंड बाहेर काढलं. लेन्स टेकवायला सरकी भरलेली उशी घेतली. जागा अशी नामी निवडली, की समोर पाणी, पलीकडे जांभूळ, आणि बाजूला शेंदूर लावलेले सात गोटे.

ते सात गोटे म्हणजे गावाच्या आसरा. पाण्याकाठच्या सात बहिणी. लेकुरवाळ्या बाया त्यांना हिरवी चोळी, हिरवा चुडा वाहतात, ओटी भरतात. शालिग्रामला हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण त्या वेळी त्याच्या डोक्यात पाखराशिवाय दुसऱ्याला जागाच नव्हती. आसरेला जागा कुठून मिळणार?

सकाळ कोरडी गेली. पाखराचं पीसही दिसलं नाही. अंधार इतका, की कॅमेऱ्याचं शटर जास्त वेळ उघडं ठेवावं तर पान हललं तरी फोटो पुसटतो. लवकर मिटावं तर फोटोऐवजी तव्याचं बूड. आणि आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची ताकद, वाढवावा तर फोटोभर बाजरी पेरल्यासारखे दाणे! नऊ वाजता कंटाळून तो जेवायला गेला. पातळ तसंच ठेवून गेला.

आणि दहा वाजता गावातली एक बाई धुणं घेऊन नाल्यात उतरली.

पुढचं सांगायला नको. दुपारपर्यंत गावभर झालं, की आसरेनं आपल्या हातानं हिरवं पातळ नेसलंय! कोणी म्हणालं, नेसलंय. कोणी म्हणालं, मळवटही आहे. शेवटच्या घरापर्यंत बातमी पोचली तेव्हा आसरेच्या नाकात नथही आली होती!

हे सगळं होत असताना शालिग्राम भाच्याच्या खोलीत झोपला होता. साडेपाचला उठला आणि मागच्या दारानं नाल्यात जाऊन हिरव्या पातळाआड बसला. आजची ही शेवटची संध्याकाळ. उद्या सकाळी लेन्स मेहकरला. दसऱ्याला शटर खाली. त्यानं डोळा लावला, श्वास रोखला, आणि त्याच क्षणी कानावर ओळी आल्या.

"पान्याकाठी उतरल्या
साती बहिनी हिरव्यागार,
एकीनं नेसलं पातळ,
काठाले कैऱ्यांचा भार..."

पाऊलवाटेनं बाया येत होत्या. पुढं तानुबाई, हातात नारळ. मागं पाच-सहा जणी, कोणाकडे तांदूळ, कोणाकडे बांगड्या, कोणाकडे पेटती उदबत्ती. सगळ्यांत मागं, ओढून आणल्यासारख्या अन्नपूर्णाबाई. आणि त्यांच्याही मागं जानरावांची बकरी, नारळाच्या वासानं.

बाहेर निघावं, तर बायांच्या देवीतून मिशीवाला माणूस निघणार! आत बसावं, तर पाखरू जाणार. शालिग्रामनं आयुष्यभर लोकांना जे सांगितलं तेच स्वतःला सांगितलं. हलू नका. हसणं मात्र जमेना.

तानुबाईनं पदर डोक्यावर ओढला, हळदीकुंकवाची बोटं बुडवली आणि निऱ्यांतून बाहेर आलेल्या त्या काळ्या गोल दगडाला मळवट भरला. देवानंदची लेन्स सवाष्ण झाली! मग ओटी आली. मूठमूठ तांदूळ लेन्सच्या तोंडात.

अंधार वाढला, तसा कॅमेऱ्याच्या कपाळावरचा तांबडा दिवा आपोआप लागला.

"डोळा! आसरेनं डोळा उघडला वं!" एक बाई किंचाळली. सगळ्या जमिनीला टेकल्या.

"आई," तानुबाई हात जोडून म्हणाली, "माह्या राजकुमारचं लग्न जमू दे. बत्तीस वर्षाचा झाला. त्याले कोणतीही चालते. फक्त होकार देणारी पाह्यजे!"

आतमध्ये शालिग्रामनं ओठ चावला. राजकुमारचा स्थळासाठीचा फोटो त्यानंच काढला होता आणि मायेपोटी इतका उजळवला होता, की पोरी फोटो पाहून होकार द्यायच्या आणि पोरगा पाहून त्याला फोटोतल्याचा थोरला भाऊ समजायच्या.

"बाई, आता तुमी मागा," तानुबाईनं नणंदेला पुढं ढकललं.

अन्नपूर्णाबाई पुढं आल्या. काठाच्या कैऱ्या पाहिल्या. निरीवर कधीकाळी उदबत्तीनं पडलेलं भोक पाहिलं. मग खाली वाकून, निऱ्यांखालून दिसणारी एक चप्पल पाहिली. डाव्या अंगठ्याशी तार बांधलेली.

क्षणभर त्यांच्या ओठांचं एक टोक हललं.

"आई आसरा," त्या सावकाश म्हणाल्या, "पातळ लय साजरं नेसली वं. माह्यापाशीही अस्संच होतं. मले पाह्याले पाहुणे आले, त्या दिवशी नेसली होती मी. पाहुण्यानं पातळ पाह्यलं नाही, नेसणारीलेही नाही. त्यानं नाल्याची चौकशी केली."

आत शालिग्रामनं लेन्सवरचा डोळा काढला. हे पातळ? त्या दिवशीचं? त्याला त्या दिवसातले पोहे आठवत होते, नाला आठवत होता. हिरवा रंग काही केल्या आठवेना.

"बाई, माग्णं मागा, गाऱ्हाणं काऊन सांगून राह्यल्या?" तानुबाई कुजबुजली.

"माग्णंच आहे. माह्या घरी एक माणूस आहे. त्याले लांबचं लय बारीक दिसते. आई, त्याले एकडाव जवळचं दिसू दे."

"चष्म्याचा नंबर काढा नं मग! देवाले काय तरास देता?"

याच वेळी बकरीला सरकीचा वास लागला. तिनं मागून पातळात डोकं घातलं आणि उशी ओढली. शालिग्रामनं इकडून ओढली. बकरीनं तिकडून! चारही काड्या झुलायला लागल्या.

"आसरा डोलते वं!"

"गोंधळ्याले बोलवा!"

"डफडं आणा!"

तेवढ्यात उदबत्तीचा धूर निऱ्यांतून आत शिरला, नाकात गेला, आणि शालिग्रामच्या तोंडून अशी शिंक निघाली, की लेन्समधले तांदूळ उडून तानुबाईच्या अंगावर अक्षता पडल्या.

बाया पळाल्या! नारळ एकीकडे, ताट दुसरीकडे. बकरी उशी तोंडात धरून सगळ्यांच्या पुढं. दोन मिनिटांत नाला सामसूम.

एकट्या अन्नपूर्णाबाई उभ्या होत्या, कमरेवर हात ठेवून.

"शिंक झाली असन तं या बाहेर, आसराबाई."

शालिग्राम बाहेर आला. मिशीत तांदूळ, कपाळाला कुंकू, हाताला सरकी. अन्नपूर्णाबाईंना हसू आवरेना. पण त्याचा चेहरा पाहिला आणि हसू आपोआप विरलं. माणूस रडायच्या बेतात होता.

"गेलं," तो म्हणाला. "सगळं गेलं. एवढ्या कालव्यात कोणतं पाखरू येते? दहा मिनिटं उजेड आहे. उद्या लेन्स वापस."

"पुढच्या साली या."

"पुढच्या साली दुकान नाही, चौकट नाही. कुठी लावू? तुह्या चुलीवर?" तो एका दगडावर बसला. "तुले नाही समजणार अन्नपूर्णे. तुले वाटते, हे याड आहे. ते पाखरू माह्याशी बोललं होतं. मी कोण, काय, काही न इचारता. मी एक बोललो, की ते एक बोले. सात डाव. तवापासून माह्याशी तसं कोणीच नाही बोललं."

अन्नपूर्णाबाईंनी त्या हिरव्या पातळाचा काठ बोटांत धरून ठेवला. दूर गावातून डफड्याला ताव देत असल्याचा आवाज आला. लोक निघायच्या तयारीत होते.

मग त्यांनी लेन्सच्या तोंडातले उरलेले तांदूळ काढले, कुंकू आपल्या पदरानं पुसलं.

"बसा आत," त्या म्हणाल्या.

"काय फायदा?"

"बसा म्हणते नं! डोळा लावा. हलू नका. हसावंसं वाटलं तं हसा."

आणि त्या पाण्यातून पलीकडे, जांभळाच्या अंधारात गेल्या.

शालिग्राम बसला. बायको रागावून घरी निघाली असणार, असं त्याला वाटलं. उशी नव्हती, म्हणून त्यानं लेन्स गुडघ्यावर टेकवली. समोर ओल्या पानांचा काळा गालिचा, त्यावर पसरलेली ओटी. काहीही हलत नव्हतं.

"हूऽऽईट... टिऊ!"

तीच! शेवटाला वर उचललेली! घागर चढवल्यासारखी! मोबाईलमधली नव्हे, पुस्तकातली नव्हे, त्याची स्वतःची!

त्यानं ओठांचा चंबू केला आणि उत्तर दिलं.

पलीकडून उत्तर आलं. पुन्हा यानं, पुन्हा तिकडून. एक, दोन, तीन... आणि चौथ्यांदा उजवीकडच्या करंजातून आणखी एक शिट्टी आली. साधी, शेवटी न उचललेली, जराशी चिडकी. आपल्या हद्दीत हे कोण दोघं वाजवताहेत, अशी!

आणि पानांवरून टुणटुण उड्या मारत तो आला. नवरंग! हिरवी पाठ, पोटाखाली कुंकू सांडल्यासारखा लाल, डोळ्यांवर काळी पट्टी. सगळा अंधार त्याच्या अंगाला लागून उजळला. तो थेट ओटीच्या नारळावर चढला आणि छाती काढून उभा राहिला.

शालिग्रामनं बटण अर्धं दाबलं. कॅमेऱ्यानं कुरकुर केली. पाखरू सोडून नजर मागं गेली. यानं पुन्हा पाखरावर आणली. ती पुन्हा मागं गेली! हा इकडं ओढतोय, कॅमेरा तिकडं ओढतोय, मघाच्या बकरीसारखाच! देवानंदची घाई आठवते ना? कॅमेरा लग्नसराईसाठी लावलेला होता. पाखराच्या डोळ्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. त्याला माणसाचा डोळा हवा होता.

आणि तो त्याला सापडला. जांभळाच्या बुंध्याशी, वीस पावलांवर. सहाशेच्या लेन्समधून एकदम हातभर अंतरावर आल्यासारखा. पिकलेले केस, कपाळाला लागलेलं पान, डोळे थेट समोर, आणि ओठांचा चंबू.

"हूऽऽईट... टिऊ!"

बटण शालिग्रामनं दाबलं, की बोटानं आपलं आपण दाबलं, त्याला कळलं नाही.

नवरंग भुर्रकन उडाला.

तो बाहेर आला. कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो होता. खाली कोपऱ्यात हिरव्या-लाल रंगाचा एक पुसट फराटा, देवानंदला दाखवला तर म्हणेल, हा टॉवेल कोणाचा? फोटोभर बाजरीचे दाणे. आणि त्या दाण्यांच्या मधोमध, पापणीच्या केसापर्यंत साफ, अन्नपूर्णाबाई शिट्टी वाजवत होत्या. दोन फूट बाय दीड फूट, त्याच्या मनात आलं. बरोबर मावते.

अन्नपूर्णाबाई पाणी ओलांडून आल्या.

"तू?" शालिग्राम म्हणाला.

"बकऱ्या चारत होती नं मी अठी, या नाल्यात. या पाखरापासूनच शिकली. शेवटाले मले जमे नाही, वरच जाये." त्या काड्यांवरून पातळ सोडवायला लागल्या. "मायनं लय मारलं होतं. शिट्ट्या वाजवणारी पोरगी कोण करन, म्हणे. तुमी पाह्याले आले त्या दिवशी दाराआडून पाहून राह्यली होती ती."

"म्हणून नाई माहीत म्हटलं?"

"हाव."

"अन् मंग? अडतीस वर्षं?"

"मंग काय सांगू? दुकानात येईन त्याले तुमी पाखरू पाखरू करत. सांगू सांगू म्हणता तुमचं पाखरू एवढं मोठं झालं, की त्याच्यासमोर मीच लहान झाली. वाटे, तुमालेच एक दिस समजन."

डफडं आता पुलावर आलं होतं. कोणीतरी "आसरामायचा..." ओरडलं, बाकीच्यांनी साथ दिली. कंदील खाली उतरायला लागले.

शालिग्रामला कशाचंच भान नव्हतं. अडतीस वर्षांचं एकच कोडं त्याच्या घशाशी आलं होतं.

"पण आठव्या डावाले तू गप काऊन झाली वं?"

अन्नपूर्णाबाईंनी पातळाची घडी घातली. चार पदरी केली. छातीशी धरली.

"मी नाही गप झाली," त्या म्हणाल्या. "तुमची यष्टी आली होती. तुमी चढून गेले. मी तं घरोघरी दिवे लागेपर्यंत वाजवत होती."